बाप हयात आहे. पण फी कोण भरतं?

महाडीबीटीच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतला की प्रोफाइलमध्ये विचारणा होते: वडील हयात आहेत का? ‘होय’ म्हटलं की त्यांचं नाव, व्यवसाय, पगारदार आहेत का, हे रकाने उघडतात. आईबद्दलही तेच. दोघंही नसतील तर पालकाची माहिती. शिवाय कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आणि तहसील कार्यालयाच्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक. एवढ्या चौकशीत एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही, ती म्हणजे हयात असलेले वडील मुलाच्या शिक्षणाला पैसे देतात का.

ज्या घरात बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतो तिथे या प्रश्नाची गरजच नाही. पण जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, जामनेर तालुक्यातलं पहूर घ्या, नाहीतर खानदेशातलं दुसरं कुठलंही मोठं गाव घ्या. तिथे वेगळी घरंही सापडतात. बाप कामाला म्हणून सुरतला गेला आणि तिकडेच त्याने दुसरा संसार थाटला. आई मुलीला घेऊन माहेरी आली, घटस्फोट कागदावर झालाच नाही. बारावीनंतर मुलाचं घरात पटेना, तो जळगावला खोली करून राहतो, दिवसा कॉलेज आणि रात्री दुकानावर. एखादीचं लग्न झालं आणि आता नवरा तिला शिकवतो. या मुलांनी शिष्यवृत्तीच्या अर्जात आईबापाचं उत्पन्न लिहायचं का?

उत्तर सरळ आहे: बहुतेक योजनांत लिहावंच लागतं. अमेरिकेत ‘स्वतंत्र विद्यार्थी’ नावाची एक कायदेशीर वर्गवारी आहे, तशी आपल्याकडे नाही. आपल्या अर्जाला पालकांच्या दोनच अवस्था कळतात, जिवंत किंवा मृत. या दोहोंच्या मधल्या मुलांची गत मग ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ अशी होते. तरीही नियम बारकाईने वाचले तर काही ठिकाणी वाट निघते. ती कुठे निघते आणि कुठे अडते, हे समजून घेतलेलं बरं.

दाखल्यावरचा आकडा कुणाचा?

सगळी भिस्त उत्पन्नाच्या दाखल्यावर असते. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अहवाल देतो, सेवा केंद्रातून अर्ज ऑनलाइन जातो आणि तहसील कार्यालयातून दाखला मिळतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याला १५ दिवसांची मुदत आहे. पहूरच्या मुलाचा अर्ज जामनेरला जातो. दाखला कोणाच्याही नावाने काढा, त्यावर आकडा असतो तो कुटुंबाचा, सर्व मार्गांनी मिळणाऱ्या वार्षिक उत्पन्नाचा.

पगारदाराचं ठीक आहे, फॉर्म १६ लावला की झालं. खानदेशातल्या सालदाराचं काय करायचं? त्याचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. ठरलेल्या रकमेतली बरीचशी उचल म्हणून आधीच घेतलेली असते, काही भाग धान्यात येतो. दाखल्याचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. कोरडवाहू कापूसवाल्याचंही तसंच: कापूस घरात भरून ठेवला आणि भाव पाहून पुढच्या वर्षी विकला तर उत्पन्न कोणत्या वर्षाचं धरायचं? अशा घरांच्या दाखल्यावर शेवटी अंदाज उतरतो. बाप घरात असूनही आकडा अंदाजाचा असतो, तर तो सुरतला असताना त्याची कमाई कोण मोजणार? मुलाला ती ठाऊक नाही आणि गावातल्या तलाठ्यालाही नाही.

एकच मुलगी, तीन कुटुंबं

खरी गंमत ‘कुटुंब’ या शब्दात आहे. प्रत्येक योजनेने ते आपापल्या सोयीने आखलं आहे. एखादी लग्न झालेली, नोकरी नसलेली विद्यार्थिनी डोळ्यांसमोर ठेवा आणि तिच्या अर्जात कोणाचं उत्पन्न मोजलं जातं ते पाहा.

ती ओबीसी असेल आणि तिला नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हवं असेल, तर आईवडिलांचा दर्जा पाहिला जातो. मंडल निकालानंतर केंद्राने ८ सप्टेंबर १९९३ रोजी काढलेल्या आदेशात हे सूत्र आहे. उमेदवाराचं स्वतःचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, नवऱ्याचंही धरत नाहीत. आईवडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा १९९३ मध्ये १ लाख रुपये होती, ती वाढत वाढत २०१७ मध्ये ८ लाखांवर आली. उत्पन्नाची ही कसोटी लावताना केंद्राच्या आदेशानुसार पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात मिळवायचं नसतं.

ती खुल्या प्रवर्गातली असेल आणि तिने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, तर चित्र पालटतं. १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर ३१ जानेवारी २०१९ रोजी केंद्राने काढलेल्या आदेशात कुटुंबाची व्याख्या आहे: अर्जदार स्वतः, तिचे आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, नवरा आणि १८ वर्षांखालची मुलं. म्हणजे माहेर आणि सासर एकाच बेरजेत. इथे पगार, शेती, धंदा सगळं धरलं जातं आणि मर्यादा तीच, ८ लाख. अर्जदाराच्या वयाला इथे अट नाही. तिशी ओलांडलेल्या कमावत्या माणसालाही आईवडिलांचं उत्पन्न दाखवावंच लागतं.

ती आदिवासी असेल, समजा तडवी भिल्ल समाजातली, तर तिसरंच सूत्र लागू होतं. अनुसूचित जमातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची २०१० पासूनची केंद्रीय नियमावली सांगते की आई किंवा वडील हयात असेपर्यंत फक्त त्यांचंच उत्पन्न धरावं, घरात दुसरं कोणी कमावत असलं तरी ते धरू नये. विवाहित आणि नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत मात्र नवऱ्याचं उत्पन्न धरावं.

एकाच मुलीचं कुटुंब पहिल्या योजनेत माहेर, दुसऱ्या योजनेत माहेर अधिक सासर आणि तिसऱ्या योजनेत सासर. कमावत्या मुलाचीही अशीच त्रेधा उडते. रात्रपाळी करून तो जे मिळवतो ते नॉन-क्रीमीलेअरमध्ये धरलं जात नाही, ईडब्ल्यूएसमध्ये आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. पोस्ट मॅट्रिकच्या त्याच नियमावलीत नोकरी करणाऱ्याचं आणि पालकांचं उत्पन्न मिळून मर्यादेत असेल तर सक्तीची फी तेवढी परत मिळते.

म्हणून ‘आईबापाचं उत्पन्न लिहायचं का’ याआधी विचारायला हवं की अर्ज कोणत्या योजनेचा आहे. एका योजनेसाठी केलेला हिशेब दुसऱ्या अर्जात तसाच उतरवला की गाडी अडते.

बाप अर्जात शिरला कसा?

शंभर वर्षांपूर्वीच्या गरीब विद्यार्थ्याला कोणी बापाचं उत्पन्न विचारत नव्हतं. पुण्यात माधुकरी मागून किंवा वार लावून शिकणाऱ्या मुलाची गरज समोर दिसत होती, पुराव्याचा प्रश्न नव्हता. अर्थात जेवायला घालणारं घर जात जरूर विचारत असे आणि ती दारं बहुसंख्य समाजाला बंदच होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली ती याच कारणाने. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ची रीत घातली. तिथे मदतीची अट मुलाच्या श्रमाची होती. घरातून निघून आलेला, स्वतःच्या हातांवर उभा राहू पाहणारा मुलगा हाच त्या व्यवस्थेने मदतीचा घटक मानला होता.

स्वातंत्र्यानंतर मदत सरकारी तिजोरीतून द्यायची ठरली आणि हिशेब बदलला. यशवंतराव चव्हाणांच्या काळात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना १,२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फीमाफी मिळाली. ‘ईबीसी’ या तीन अक्षरांनी ती घरोघरी पोचली. खेड्यापाड्यांतल्या कित्येक पिढ्या त्या सवलतीवर शिकल्या, हे मान्यच केलं पाहिजे. लाखो मुलांना एकाच मापाने मोजायचं तर सरकारला एक आकडा लागतो, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या नावावर आकडा नसतो. तो बापाच्या नावावर असतो. बाप अर्जात शिरला तो असा. आजच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतही ८ लाखांची मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तिथेही पालकांचं ८ लाखांचं उत्पन्न हीच रेघ आहे.

या रचनेमागचं गृहीतक असं, की बापाकडे पैसा असेल तर तो मुलावर खर्च करेलच. बहुतेक घरांत ते खरं ठरतं. पण कायदा तसं म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० नुसार मुलाला निर्वाह मागता येतो तो सज्ञान होईपर्यंत. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला मात्र त्यानंतरही हक्क आहे. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा बापाकडे फी मागायला कोर्टात गेला तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहीलच असं नाही. तोच मुलगा शिष्यवृत्ती मागायला गेला, की सरकार त्याला बापाच्या उत्पन्नाकडे बोट दाखवतं.

दोघंही नसले तर?

आईवडील नसलेल्या मुलांची अडचण याहून विचित्र होती. मर्यादा आईबापाच्या उत्पन्नाची, आणि आईबापच नाहीत, तर दाखला काढायचा कशाचा? गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, तेव्हा नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र नसल्यामुळे त्यांची वाट अडली. ज्यांच्या मागे कोणीच नाही, त्यांना सरकारी भाषेत ‘क्रीमी’ ठरायची वेळ आली. त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली, पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण लागू केलं. पुढे ८ जुलै २०२४ च्या फीमाफीतही अनाथ मुलामुलींचा समावेश झाला. महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र हा त्यासाठीचा पुरावा.

या प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अर्जात नसलेली वर्गवारी सरकारला तयार करता येते. त्यासाठी कोणीतरी कागद घेऊन दारात उभं राहावं लागतं.

बाहेर काय करतात?

अमेरिकेत सरकारी मदतीसाठी फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली, नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेली मुलं तो भरतात. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना तो लागू नाही. त्या अर्जात विद्यार्थी ‘स्वतंत्र’ ठरला तर आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. स्वतंत्र कोण? वय २४ पूर्ण झालेला, विवाहित, पदव्युत्तर शिक्षण घेणारा, स्वतःची मुलं सांभाळणारा, सैन्यात सेवा केलेला, तेरा वर्षांचा झाल्यानंतर आईबाप दोघंही हयात नसलेला, आणि अशा आणखी काही अवस्थांतला.

हे वाचून तिथे सगळं सुरळीत आहे असं वाटेल, तर तसंही नाही. आईवडील पैसे द्यायला नकार देतात, एवढ्या कारणावर तिथेही मुलगा स्वतंत्र ठरत नाही. स्वतः कमावतो, वेगळा राहतो, हेही पुरेसं नाही. छळ झाला, घरातून हाकललं, आईबापाचा ठावठिकाणा नाही, असं काही असेल तर कॉलेजचा मदत अधिकारी कागद तपासून अपवाद करू शकतो. ही कडक रेघ उगाच आलेली नाही. पूर्वी मुलगा आईवडिलांबरोबर राहत नाही आणि त्यांच्या करविवरणात त्याचं नाव नाही, असं दाखवून स्वतंत्र ठरता येई. सुखवस्तू घरांनीही त्या वाटेने जाऊ नये म्हणून १९८६ च्या कायद्यात २४ वर्षांची अट आली. शिवाय स्वतंत्र ठरलेल्या विद्यार्थ्याकडेही काही खासगी विद्यापीठं आणि वैद्यकीय महाविद्यालयं स्वतःच्या निधीतून मदत देताना आईवडिलांचे आकडे मागतात. तिथे सल्ला एकच असतो: पैसा देणारा जे विचारतो ते द्या, नाहीतर त्याच्या निधीवर पाणी सोडा.

वयाची रेघ प्रत्येक देशाने वेगळी मारली आहे. ऑस्ट्रेलियात २२, इंग्लंडमध्ये २५. जर्मनीत साधारण ३०, पण सज्ञान झाल्यावर पाच वर्षं नोकरी करून स्वतःचं भागवलं असेल तर त्याआधीही. इंग्लंडमध्ये आईबापाशी संबंध पूर्ण तुटलेल्या मुलांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, तिथे शिक्षकासारख्या त्रयस्थाचं पत्र पुरावा म्हणून चालतं. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये विद्यापीठात शिकणाऱ्याला आईबापाचं उत्पन्न विचारतच नाहीत. तेवढा कर गोळा करणाऱ्या देशांना ते परवडतं.

आपल्याकडे काय जमेल?

आपल्याकडे फक्त ‘मी वेगळा राहतो’ एवढ्यावर मदत द्यायची ठरवली, तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. रेशनकार्ड विभक्त करून घेणं कसं चालतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास एकरवाल्याचा मुलगाही उद्या जळगावच्या खोलीचं भाडेपत्र जोडेल आणि खऱ्या गरजूच्या वाट्याचं घेऊन जाईल. म्हणून आईबापाचं उत्पन्न विचारणं हा नियम म्हणून योग्यच आहे. चुकतं ते अपवादाला जागा नसल्यामुळे.

आणि अपवाद तपासणारी यंत्रणा नव्याने उभारायची गरजही नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशांत घटस्फोटित आईचा, घटस्फोटाचा दावा कोर्टात चालू असलेल्या आईचा आणि एकल पालकाचा वेगळा विचार होतो, त्यांच्यासाठी कागदपत्रांची वेगळी यादी आहे. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता स्त्रीला लाभ मिळतो आणि त्यासाठीची चौकशी महसूल यंत्रणाच करते. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतही परित्यक्ता हा वेगळा गट आहे. नवऱ्याने टाकलेल्या आईची नोंद जे तहसील कार्यालय घेऊ शकतं, त्याला बापाने टाकलेल्या तिच्या मुलाची नोंद का घेता येऊ नये? पहिलीतला मुलगा आरटीईत फक्त आईच्या उत्पन्नावर बसतो. तोच बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो तेव्हा बेपत्ता बाप पुन्हा घरात येऊन बसतो.

महाडीबीटीच्या अर्जात ‘हयात आहेत’ आणि ‘हयात नाहीत’ यांच्या जोडीला ‘हयात आहेत, पण आधार देत नाहीत’ असा तिसरा पर्याय ठेवता येईल. तो निवडणाऱ्याने तलाठ्याचा जागेवरचा जबाब, शाळेच्या किंवा कॉलेजच्या मुख्याध्यापक-प्राचार्यांचं पत्र, स्वतःचं बँक खातं आणि असल्यास कोर्टाचे कागद जोडावेत, तहसीलदाराने सुनावणी घ्यावी. खोटं निघालं तर रक्कम व्याजासह वसूल करावी.

तोवर हाती असलेल्या नियमांवरच भागवायचं आहे. पहिली गोष्ट, बापाचं उत्पन्न दडपू नका आणि ‘वडील हयात नाहीत’ असं तर चुकूनही लिहू नका. खोटं घोषणापत्र हा गुन्हा आहे आणि आधार क्रमांकांमुळे ते उघडं पडायला वेळ लागत नाही. आईवडिलांपैकी कमावतं माणूस गेलं असेल तर मृत्यूचा दाखला लगेच काढा. त्यामुळे उत्पन्न मर्यादेत आलं तर पोस्ट मॅट्रिकच्या नियमावलीत अशा मुलाला त्या महिन्यापासून पात्र धरण्याची तरतूद आहे, पुढचं वर्ष उजाडायची वाट पाहावी लागत नाही. दोघंही गेले असतील तर जो नातेवाईक शिक्षणाचा खर्च करतो त्याचं उत्पन्न लागतं, बाकीच्या काका-मामांचं नाही. आईवडील विभक्त असतील आणि प्रकरण कोर्टात असेल तर दाव्याची प्रत जपून ठेवा. लग्न झालेल्या मुलीने विवाह नोंदणी करून घ्यावी आणि नवऱ्याचा दाखला कुठे चालतो, वडिलांचा कुठे लागतो, हे योजनेगणिक तपासावं.

शिष्यवृत्ती हुकलीच तर शैक्षणिक कर्जाचा विचार करावा लागतो. तिथेही बँक आईवडिलांना सहकर्जदार म्हणून मागते. केरळ उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात सांगितलं, की आईबापाची पत खराब आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, शिकून झाल्यावर विद्यार्थ्याची फेडण्याची ताकद पाहावी. दुसऱ्या राज्यातला निकाल आपल्या बँकेवर थेट बंधनकारक नसला तरी दाखवायला उपयोगी पडतो. नकार मिळाला तर तो लेखी मागा. कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजना असेल तर तिथे नाव नोंदवा. त्या कामाचं मानधन मुलाच्या हातात पडतं आणि पुढे ‘मी स्वतः कमावून शिकलो’ हे सांगायला कागदही राहतो.

हे कागद परीक्षा संपल्या संपल्याच गोळा करायला लागा. निकाल लागले की सेवा केंद्रांत रांगा लागतात, सर्व्हर बसतो आणि दाखल्याचे १५ दिवस सरेपर्यंत प्रवेशाची फेरी निघून जाते. ज्या मुलाची बाजू मांडणारं घरात कोणी नाही, त्याच्या हातात निदान फाइल तरी पूर्ण हवी.